पाळण्याच्या फळ्या

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, अण्णाला — म्हणजे माझ्या थोरल्या भावाला — तर नाहीच नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसलो असताना एकदा ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर मधे काही विचारू नका. कुणी विचारलं की मी विषय बदलतो, ती माझी जुनी खोड आहे.

आम्ही खान्देशातले सुतार. अण्णा सुरतेत कापडाच्या लूमवर लागला, मागोमाग आईला घेऊन मीही आलो. डिंडोलीत दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड. नव्वदीतली गोष्ट. चौकातल्या एका वाद्यवाल्याची मोडकी गिटार मी दुरुस्त करून दिली आणि डोक्यात खूळ शिरलं — आपण अख्खी गिटार करायची! तो वाद्यवाला शेठही हसून म्हणाला, "बनाव ने भाई, जोईए तो खरा." बनव की, बघू तरी.

गिटारीचं पोट जमलं, पाठ जमली. घोडं अडलं ते बाजूंपाशी. गिटारीची बाजू म्हणजे पुठ्ठ्याएवढी पातळ पट्टी. ती भिजवायची, लोखंडी पाइपात निखारे भरून पाइप तापवायचा आणि त्यावर पट्टी दाबत दाबत वळवायची. सगळ्यात वाईट कमरेचं वळण. बाजारातलं कच्चं लाकूड तिथं येऊन कट्‌कन तुटायचं. मी पडलो तापट. तुटकी पट्टी भिंतीवर आपटायचो, की आतून अण्णाची बायको, आमची वहिनी, ओरडायची — "भाऊजी, पोर उठी जाई ना!"

ती पोर म्हणजे सोनी. रांगायला लागली होती नुकती. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत गेली.

तिचा पाळणा शिसवी होता, वहिनीच्या माहेरून आलेला. वहिनी स्वतः त्यातच लहानाची मोठी झालेली. सोनी गेल्यावर वहिनी तो रिकामाच हलवत बसायची. आई कपाळाला हात लावायची, रिकामा पाळणा हलवू नये गं म्हणायची. शेवटी अण्णा मला म्हणाला, जा, तापीत सोडून ये. वहिनीनं तो स्वतःच्या हातानं पुसून दिला आणि एवढंच म्हणाली, "कोनले देऊ नका भाऊजी. पानीमाच सोडा." मी शपथ घेतली. कुणी मागितलीही नव्हती, तरी घेतली.

मी नदीपर्यंत गेलोच नाही.

का नाही गेलो? हातगाडीवर त्या फळ्यांवर ऊन पडलं होतं. सरळ धाग्याचं, दोन पिढ्या मुरलेलं शिसव. सुताराची नजर — मेली ती नजर! लाकडाच्या वखारीत जाऊन मी पाळण्याच्या फळ्या चिरून पातळ पट्ट्या काढून घेतल्या, गोणपाटात गुंडाळून घरी आणल्या. वहिनीनं विचारलं, "बुडना का नीट?" मी म्हणालो, हो, हात जोडून सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पट्टी तापल्या पाइपला लावली आणि — कसं सांगू? — शेडभर वास आला. तिळाचं तेल, ओव्याची धुरी, पोराच्या तोंडाला असतो तो आंबूस दुधाचा वास. लाकडानं इतकी वर्षं पिऊन ठेवलेलं, आचेनं बाहेर आलं. आज मला हे कळतं. तेव्हा मात्र अंगावर सरसरून काटा आला. आणि पट्टी तुटेचना! मी जोर लावायच्या आधीच वळत होती, झोपेत कुशीला वळणाऱ्या पोरासारखी. मी हात काढून घेतले. मग पुन्हा लावले.

मागे वळलो तर दारात वहिनी. हाताला पीठ तसंच.

"भाऊजी, सोनीना वास ई ऱ्हायना." सोनीचा वास येतोय, म्हणत होती.

माझं नाक त्याच वासानं गच्च भरलं होतं. आणि मी म्हणालो, "भास आहे वहिनी. मला तर काहीच येत नाही."

बघा, चोरी तिथवर होती. त्याच्या पुढचं चोरीपेक्षा वाईट आहे. पाइप तापला की ती यायची, हुंगत उभी राहायची, आणि दर वेळी मी तेच सांगायचो. ती आईला सांगायला लागली, शेजारणींना सांगायला लागली. कोण विश्वास ठेवणार?

गिटार तयार झाली, तारा चढवून मी ती शेडमध्ये टांगली. शेजारच्या गल्लीतले लूम सुरू झाले की जमीन थरथरायची आणि तारा आपोआप घुमायच्या, बारीक, पोर झोपेत कण्हतं तसं. मला त्याचं कारण ठाऊक होतं. तरी मी गिटारीकडे पाठ करून बसत नसे. आणि स्वयंपाकघरातून वहिनी, भाकरी थापता थापता, सहज ओ द्यायची — "उनू माय, उनू." आले गं, आले.

ते आईनं ऐकलं. मग गावाकडून भगत आला. वहिनीला कोंडून मिरच्यांची धुरी दिली. ती आत खोकत होती, ओरडत होती, की मी खरं सांगते, वास येतो, येतोच! भिंतीच्या अलीकडे मी. एक शब्द बोललो असतो तर दार उघडलं असतं. पण अण्णाचा मार डोळ्यांपुढे होता, गिटार शेठला न्यायची होती. माझ्यासारखा नामर्द तुम्ही पाहिला नसेल. मी रंधा चालवत राहिलो, तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

ती सुधारेना म्हणून अण्णानं तिला माहेरी धाडायचं ठरवलं. उधना स्टेशनावर पोचवायला मी गेलो. गाडी लागली तेव्हा तिनं माझा हात धरला. कधी धरला नव्हता. "भाऊजी, खरं सांगा. तुमले बी ये ना वास?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "कधीच नाही."

तिनं माझा हात सोडला. मग मान हलवली, पदर सारखा केला आणि डब्यात चढली.

अण्णानं पुढं दुसरी केली. वहिनी अजून माहेरीच आहे, तब्येतीनं ठणठणीत. मागच्या लग्नसराईत भेटली. चारचौघींत स्वतःच हसत सांगत होती की त्या काळात माझं डोकं फिरलं होतं, नाही नाही ते वास यायचे. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पन आमना भाऊजी देवमानूस. एकदा बी माले खोटी आशा लावली नई."