रोक्काव्हेर्नाची सून

माझी पुतणी अनुया सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या फ्लॅटमध्ये वाढली. माझ्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी, वर तिथला ‘लाह’ जोडणारी. जुरोंग आयलंडवर काम करणाऱ्या मात्तेओ या इटालियन इंजिनिअरशी तिने लग्न केले, त्याचे घरात फारसे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते त्याच्या गावाच्या रिवाजाचे.

रोक्काव्हेर्ना हे डोंगरातले चारेकशे वस्तीचे गाव, पण पालिका स्वतःची. लग्न करून गावात येणाऱ्याने ऑगस्टच्या जत्रेत चौकात उभे राहून गावाचा इतिहास तोंडपाठ सांगायचा. कोणीही मध्येच प्रश्न विचारून अडवावे. निभावले, तर पोलेंताचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट सांज्याचा, पहिला तुकडा त्याचा आणि तो गावचा. नाही, तर पुढच्या वर्षी.

यंदा अनुयाला आठवा महिना होता, विमानप्रवास बंद. पण बाळ जन्मण्याआधी तिला त्या गावचे व्हायचे होते. गावाने कुरकुरत व्हिडिओ कॉल लावून चौकातल्या पडद्यावरून बोलायची परवानगी दिली.

जत्रेच्या आदल्या दिवशी मात्तेओच्या आजीचा, इदाबाईंचा, फोन आला. “१९२८ तेवढं वगळ, पोरी. सगळेच वगळतात.”

त्या वर्षी फॅसिस्ट सरकारच्या हुकमाने रोक्काव्हेर्नाची पालिका मोडून गाव शेजारच्या मोठ्या गावाला जोडले गेले. संमतीची सही करणारे गावचे प्रमुख म्हणजे इदाबाईंचे वडील.

“काका, तुम्ही ऑडिटमध्ये असं वगळता?” अनुयाने मला विचारले.

“नाही. पण माझा क्लायंट माझी आजेसासू नसतो!”

रविवारी संध्याकाळी शुभदावहिनींनी लेकीच्या पाठीशी उशी ठेवली. तिकडे भर दुपार. चौकात माणसे, छत्रीखाली इदाबाई. अनुया इटालियनमध्ये बोलू लागली. मात्तेओ आम्हाला हळूच अर्थ सांगत होता. जुनी सनद, प्लेगची साथ, दगड फोडायला फ्रान्सला गेलेले पुरुष. मग ती म्हणाली, “१९२८ साली आपली पालिका गेली.”

इदाबाईंनी मान खाली घातली.

“थांब, सिंगापूरकर!” रेन्झो नावाचा म्हातारा बेकरीवाला उठला. “सही कोणी केली? नाव घे की!”

“आमच्या पणजोबांनी. व्हित्तोरिओंनी. समोर बंदूकधारी उभे होते, तरी सही त्यांचीच. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पालिका परत मिळावी म्हणून तुरिनच्या सरकारी कचेऱ्यांचे हेलपाटे घालणारेही तेच. हे मला नोन्नांनीच, आमच्या या आजींनीच, सांगितलं. तुम्ही सगळे पहिलं वगळता, म्हणून दुसरंही सांगायचं राहून जातं.”

इतकी वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले, पण कोणाची बाजू न घेता दोन्ही बाजू इतक्या स्वच्छ मांडलेल्या मी क्वचितच पाहिल्या. ही आमच्या घरची मुलगी, एवढेच मनात आले.

“पुढे बोल,” रेन्झो म्हणाला आणि खाली बसला. १९४७ ला पालिका परत आली, तिथपासून आजपर्यंतचे तिने न अडखळता सांगितले.

रेन्झोने दोऱ्याने पोलेंता कापली. पहिला तुकडा हातात घेऊन तो पडद्याकडे बघत राहिला. द्यायचा कसा? मग तो वळला, छत्रीपाशी गेला आणि बशी पुढे केली.

“घ्या, इदाबाई. तुमच्या नातसुनेचा आहे.”

इदाबाईंनी वर पाहिले. मग सगळ्या गावासमोर, जराही घाई न करता, त्यांनी तो पूर्ण संपवला.