वीज पडलेल्या टेकडीचे दगड
घरात फरशी कापताना कटरवर पाणी पडलं, ओल्या दगडाच्या भुकटीचा वास आला आणि सत्तरच्या दशकातलं सोलापूर आठवलं. संशोधनासाठी मी उन्हाळाभर गावाबाहेरच्या माळावरून काळ्या दगडाचे तुकडे फोडून आणायची. फोडण्याआधी प्रत्येकावर उत्तरेचा बाण रंगवायची. "ह्यात काय हाय, बाई?" मेंढ्या राखणाऱ्या एका आजींनी विचारलं. मी म्हटलं, "लाव्हा थिजताना पृथ्वीचं तेव्हाचं चुंबकत्व ह्यात गोठलं. त्यावरून कळतं, आपली जमीन विषुववृत्तापलीकडून सरकत इथवर आली." "व्हय? आमाला तर कुणी हलवलं न्हाय," त्या म्हणाल्या. एका टेकडीवर मात्र होकायंत्राची सुई भलतीकडेच वळली. वीज पडून तिथल्या दगडातलं जुनं चुंबकत्व बिघडलं होतं, म्हणून ते दगड मी बाजूला ठेवले. माझ्या मार्गदर्शकांनी मला न विचारता बाजूला ठेवलेल्यांसकट सगळेच दगड चुंबकत्व मोजायला पाठवले आणि निबंधावर फक्त स्वतःचं नाव घातलं. मला ते कळलं, पण टेकडीवरच्या विजेचं मी त्यांना सांगितलं नाही. सात रस्त्याजवळच्या सभागृहात तो निबंध वाचताना ते त्या टेकडीच्या दगडांच्या जोरावर भारताला भलत्याच वाटेनं नेऊ लागले, तेव्हा मी उठून विचारलं, "सर, तिथं होकायंत्र काय दाखवत होतं?" ते घाम पुसू लागले, तिथं ते कधी गेलेच नव्हते. "तिथं वीज पडलीय," एवढं बोलून मी बसले. ऐकायला आलेले पाहुणे प्राध्यापक मोठ्यानं हसले. बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" "माझं नाव घातलं असतंत, तर सांगितलं असतं." त्यापायी माझी पीएचडी काही वर्षं रखडली. आता सत्तरी ओलांडली, तरी घाम पुसतानाचा त्यांचा तो चेहरा आठवला की मला छान झोप लागते.