फुकटचा ऑर्गन आणि माझा उजवा खांदा

प्रवासाचे माझे नियम दोनच. गाडी मी चालवणार, आणि तिथे पोचल्यावर मला कुणी काम सांगायचं नाही. गेल्या डिसेंबरात यातला पहिला नियम जातानापुरता पाळला गेला.

ताईचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत घरच्या गॅलरीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसलो होतो. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. वय साठ, निवृत्त नर्स, आवाज अजूनही वॉर्डातलाच.

"शनिवारी साळवे मिसचा कार्यक्रम आहे, चर्चात. ऑर्गन वाजवून राह्यल्या त्या. गाडी काढ."

"तिकीट कितीचं?"

"फुकट आहे."

फुकट म्हटलं की मला संशय येतो. पण ताईला नाही म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नाही. शिवाय साळवे मिस म्हणजे ताईचं दैवत. वडिलांची बदली त्या भागात झाली होती तेव्हा ताई तिथल्या शाळेत शिकली आणि मिस तिला गाणं शिकवायच्या. ताईला गाणं आलं नाही, भक्ती मात्र राहिली.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मिसनी बजावलंय, "नाव लिहू नको, लोकं पाहाले येतात अन् पट्ट्याइले बोटं लावतात." दारव्ह्याच्या पुढे आहे एवढं सांगतो. दारव्ह्यात कुणालाही ऑर्गनवाल्या मिस म्हणून विचारा, तो रस्ता सांगेल आणि आपण त्यांच्या हातचा मार कसा खाल्ला तेही सांगेल.

सकाळी दहाला निघालो. पेट्रोल जाऊन-येऊन हजारभराचं धरा. बसने यायचं तर अमरावतीहून नेर, नेरहून दारव्हा आणि पुढे काळीपिवळी जीप. ही जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि ती भरली आहे असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. तेव्हा हातात तासभर जास्तीचा ठेवा.

नेरला आलूबोंडा आणि रस्सा खाल्ला. बोंडा बरा, रस्सा उत्तम, आणि दोन्ही मिळून वीस रुपयांत डोळ्यांतून पाणी. कापसाचे दिवस असल्यामुळे बाजाराबाहेर गाड्यांची लांबलचक रांग होती आणि तिच्या शेपटीत आम्ही वीस मिनिटं अडकलो. मी रांगेतल्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यातला एक माणूस माझं किती नुकसान करून बसलाय हे तेव्हा माहीत असतं, तर मोठ्याने घातल्या असत्या.

गावात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. मिसकडे वांग्याची भाजी, भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा तयार होता. मिस चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अंगाने चिमणीएवढ्या, पांढरी साडी, हाताशी काठी. मी तिसरी भाकर घेईपर्यंत त्या वाढत राहिल्या. मग माझ्या दंडाकडे पाहून म्हणाल्या, "हापशी मारता येते का तुले?"

"लहानपणी मारलीय. का?"

"चाल."

चर्च लहानसं, कौलारू. चपला दाराबाहेर काढायच्या. वेदीच्या डाव्या हाताला तो ऑर्गन होता. नाटकातली पायपेटी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी ती दुप्पट मोठी करून डोळ्यांसमोर आणावी. काळंभोर लाकूड, समोर दोन ओळी खुंट्या, खाली पायाने भाता चालवायला दोन पावट्या. मिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पावट्या बंद होत्या. पण ऑर्गनच्या मागच्या अंगाला एक लाकडी दांडा होता. तो वर-खाली केला की भात्यात हवा भरते. हे काम चर्चचे शिपाईकाका करत असत आणि ते आज पहाटे कापसाची गाडी घेऊन नेरला गेले होते. नंबर लागला की येतो म्हणाले होते. तो नंबर मी सकाळी डोळ्यांनी पाहून आलो होतो.

"हे पाह्य," मिसनी दोरीला लटकवलेला शिशाचा तुकडा दाखवला. शेजारी लाकडावर खडूची लाल रेघ होती. "हे वजन रेघेच्या वर गेलं का समज हवा संपून राह्यली. वर जाऊ द्याचं नाही. गाण्याकडं ध्यान द्याचं नाही. फक्त वजन."

"मिस, मी पाहुणा आहे."

"म्हूनच मागं उभं करून राह्यली. कोनाले दिसनार नाही."

ताई भिंतीकडे तोंड करून हसत होती. मग मिस बाकावर बसल्या आणि आवाज बदलून ताईशी बोलल्या. ते मी दांडा धरून ऐकलं.

"चव्वेचाळीस वर्षं वाजोलं व मी. लग्नाले, नाताळाले, मयतीले, दर रविवारी. पर लोक गातात ना. सगळे गातात अन् ऑर्गन खाली दबते. मी कशी वाजोते हे या गावात कोनाले ठाऊकच नाही. आता बोटं वळून राह्यली. मले फक्त शेवटची चीज द्या. सात मिनिटं. कोनी गायचं नाही, टाळ्या नाही, मधात उठनं नाही. एक डाव मले कोनीतरी आइका."

ताईने डोळे पुसले. मला दांड्याचा एकदम धाक वाटायला लागला.

चार वाजता चर्च भरलं. नुसते चर्चवाले नव्हते. मिसनी गावातल्या दोन पिढ्या शिकवल्या, त्यामुळे सगळे वर्ग हजर होते. बुद्धविहाराच्या बाजूच्या घरांतल्या बायका आल्या होत्या, तांड्यावरून दोन जीपभर माणसं आली होती. पहिल्या बाकावर राठोड बसले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, मिसचे विद्यार्थी, पोट आणि मिशा सारख्याच ऐसपैस. बसता बसता त्यांनी ताईला विचारलं, "बाई, जेवन कार्यक्रमाच्या पह्यले हाय का बादमंदी?"

"जेवण नाही, भाऊ. नुसता कार्यक्रम."

राठोडांनी मागे वळून ती बातमी सबंध चर्चला सांगितली. आश्चर्य म्हणजे कुणीही उठून गेलं नाही.

मिसनी पहिला सूर लावला, एका जर्मन उस्तादाचा छोटा तुकडा, आणि अख्खं चर्च ताडकन उभं राहिलं. ऑर्गन वाजला की उभं राहायचं, ही इथली आयुष्यभराची सवय. चर्चवाल्यांनी गीतांची पुस्तकं उघडली आणि नंबर कितवा म्हणून एकमेकांना विचारू लागले. चर्चवाले उठले म्हणून बाकीचे उठले. राठोड तर राष्ट्रगीताला असावेत तसे सावधान. मागच्या बाकावरच्या एका आजींना चालीत बसेल असं काहीतरी सापडलं आणि त्यांनी ते सुरू केलं, की सगळे त्यांच्यामागे. जर्मन उस्तादाचं मराठी भजन झालं. मिसनी वाजवणं थांबवलं नाही, फक्त मान हलवली. ऑर्गनमागच्या फटीतून मला ती मान दिसत होती.

पुढे दोन नाट्यपदं झाली, मग जुनी सिनेमाची गाणी. सिनेमाच्या गाण्याला टाळ्यांचा ठेका, शिट्ट्या, वन्स मोअर. माझंही चुकलंच. ठेका वाढला तसा माझा हात वाढला आणि भाता फुगून ऑर्गनच्या पोटातून घुरघुर यायला लागली. मिस वाजवता वाजवता ओरडल्या, "हळू! वावराचं ओलित करून राह्यला काय?" लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यालाही वन्स मोअर आला.

मग मिस काठी घेऊन उठल्या. "आता शेवटचं. मोठं हाय. हे कोनाचं गानं नाही, याले शब्द नाही. गाऊ नका, टाळ्या वाजवू नका, उठू नका. मी हात जोडते तुमाले." आणि खरंच हात जोडले. ज्या हातांचा मार खाल्ला ते हात जोडलेले पाहून चर्च गारच झालं. राठोड उठले, मधल्या वाटेत उभे राहिले आणि बसमध्ये बोलावं तसे बोलले, "सगळ्याइनं आइकलं ना? फोन बंद. पोट्टे मांडीवर घ्या. आता मंजिल आल्याबिगर कोनी उतरनार नाही."

सुरू झालं. त्या सात मिनिटांबद्दल मला लिहिता आलं असतं तर किती बरं होतं. मी शिशाचा तुकडा आणि लाल रेघ पाहत होतो. तिसऱ्या मिनिटाला खांदा भरून आला, पाचव्याला मला तो खांदा आपला वाटेनासा झाला. एकदा हात बदलताना तुकडा रेघेच्या वर सरकला. मी दांडा दोन्ही हातांनी दाबला आणि तुकडा खाली आला. त्या बाईंची सात मिनिटं माझ्यामुळे फुटली असती, तर मी दारव्ह्यापर्यंत तोंड दाखवू शकलो नसतो.

शेवटचा सूर लांबत गेला आणि थांबला. मिसनी हात मांडीवर ठेवले.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठलं नाही, खोकलंही नाही. सांगितलं होतं ना! मी तर हापसतच होतो, कारण मला थांब कोण म्हणणार? मिस समोर पाहत बसून राहिल्या आणि लोक मिसकडे पाहत. मिनिट गेलं असेल. ऑर्गनच्या फटीतून मला मिसचा चेहरा दिसला आणि तो पडत चालला होता. त्यांना वाटलं, कुणालाच आवडलं नाही. मी कडेने डोकावून ताईकडे भुवया उडवल्या, पण तीही हाताची घडी घालून आज्ञाधारक बसलेली.

शेवटी राठोडांनी वर्गात करतात तसं बोट वर केलं. "मिस, झालं का? हालू का?"

"झालं," मिस म्हणाल्या.

मग काय टाळ्या! कौलं उडतात की काय असं वाटलं. पण मिस अजून खालीच बघत होत्या. टाळ्या थांबल्यावर राठोडांचं बोट पुन्हा वर. "मिस, रागावू नका. मधात एक जागी, ते वर चढत जाते तठी, दुसऱ्या खेपीले पाय घसरल्यावानी झालं. पह्यल्या खेपीले नव्हतं. तसंच हाय का चुकलं?"

मी दांडा सोडून पुढे आलो. घामाने शर्ट चिकटलेला. "चूक माझी आहे. हवा कमी पडली."

"तू मागं हो," मिस म्हणाल्या. "तुही हवा बरोबर होती. माह्यं चौथं बोट घसरलं तठी." त्या राठोडांकडे पाहत राहिल्या. "चव्वेचाळीस वर्षांत माही चूक कोनी धरली नाही रे. पन तुले तं मी गान्याच्या तासाले बाहीर उभं करत होती ना?"

"हो मिस. बाहीरून सगळं आइकू येते."

मिस हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, आणि रडता रडता राठोडांच्या पाठीत एक धपाटा घातला. मग मागच्या आजींनी आता तरी गाऊ का म्हणून विचारलं आणि मिस म्हणाल्या, "गा, किती गायचं ते गा." मला परत दांड्याकडे जावं लागलं. शिपाईकाका उगवले तेव्हा शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं चालू होतं. कापूस विकला गेला होता आणि ते फार खुशीत होते.

परतताना ताईने गाडी चालवली, म्हणजे पहिला नियमही गेला. माझा उजवा हात स्टीअरिंगपर्यंत उठत नव्हता. नेरला चहा प्यायलो, नऊच्या सुमारास घरी आलो.

जाणाऱ्यांसाठी: ऑर्गन रविवारी सकाळच्या उपासनेला वाजतो, कुणालाही बसू देतात, मात्र सगळे गातात. मागच्या बाजूला उभे राहू नका.

खांदा दहा दिवसांत बरा झाला. ताईने त्या सात मिनिटांचं रेकॉर्डिंग केलंय, ते मी आतापर्यंत वीस-पंचवीस वेळा ऐकलं. आधी थट्टेने, मग हेडफोन लावून, आता दिवे मालवून. फार सुंदर आहे. इतकं सुंदर काही मी आयुष्यात नीट ऐकलेलं नाही, आणि ज्या दिवशी ते माझ्यापासून दोन हातांवर वाजलं त्या दिवशी मी शिशाचा तुकडा पाहत होतो. राठोडांचा मला हेवा वाटतो, हे सरळच सांगतो. कारण ती चूक मला अजून सापडलेली नाही. ताईलाही नाही. परवा न राहवून मिसना फोन केला आणि विचारलं, नेमकं कितव्या मिनिटाला बोट घसरलं?

"मले कायले इचारतं?" मिस म्हणाल्या. "राठोडले इचार."