पुष्पावहिनीनं झाडलेली कबर

नणंदेनं भावजयीचं कौतुक करायचं नसतं. आमच्या जानेफळात तर ती रीतच नाही. माहेरी आलेल्या नणंदेनं आधी भाजीत मीठ कमी आहे म्हणायचं, मगच पाणी प्यायचं. मीही त्यात मागे नाही. देऊळघाटला माझ्या सासरी मी शिवणकाम करते, आणि मशीनपेक्षा माझी जीभ जास्त चालते असं तिथले लोक म्हणतात. पण पुष्पावहिनीपुढे मी हात टेकले आहेत. का टेकले, ते एकदा सांगून टाकते.

पुष्पावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, ज्ञानेश्वरदादाची बायको. मेहकरच्या एका दवाखान्यात ती म्हाताऱ्या पेशंटांची उस्तवार करायची. पुढे त्याचं रीतसर शिक्षण घेतलं, चाळिशीला टेकता टेकता पासपोर्ट काढला आणि एका म्हातारीला सांभाळायला थेट इस्रायलला गेली. गेली ती चार पैशांसाठीच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण चार पैशांसाठी गेलेली पुष्कळ माणसं परमुलखात नुसते दिवस ढकलतात. वहिनी तिथे राहायला शिकली.

सुरुवातीला फोनवर ती फक्त मातीबद्दल बोलायची. बेरशेबा नावाच्या शहराजवळ शेतकऱ्यांची एक वसाहत आहे, तिथे तिची म्हातारी राहते. "वंदनाताई, माती म्हणावं तं माती नाई व. पिवळं पीठ हाये. हातात घेतलं का उडून जाते. अन् त्याच्यात हे लोक डाळिंब पिकवून राह्यले!" आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात चप्पल रुतून बसते. त्या रानात राबलेल्या बाईला ते पीठ पाहून आधी कीवच आली. मग हिवाळ्यात पाऊस आला, तिकडे तो हिवाळ्यातच येतो, आणि माघाच्या सुमारास त्याच पिठातून लालभडक फुलं वर आली. नजर जाईल तिथवर लाल. तिनं व्हिडिओ पाठवला. त्यात फुलं कमी आणि तिचं "अगं माय, अगं माय" जास्त.

एकदा म्हातारीचे गुडघे शेकायला तिला मृत समुद्रावर नेलं होतं. वहिनीनं पाण्याचं बोट जिभेला लावलं आणि म्हणाली, ह्याच्यापेक्षा आपलं लोणार बरं, तिथे काठावर निदान देवी तरी आहे. मग आभाळातून दगड पडून लोणारचं तळं कसं झालं, ते तिनं मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हातारीला सांगितलं. म्हातारी काय हार जाते! ती म्हणाली, आमच्या इथे एका बाईनं मागं वळून पाहिलं तर ती अख्खी मिठाची झाली, तुमच्या दगडाचं काय घेऊन बसलीस. दोघी त्या खाऱ्या काठावर बसून आपापल्या गावाची फुशारकी मारत होत्या म्हणे.

हिब्रू ती पुस्तकातून शिकली नाही, स्वयंपाकघरातून शिकली. कांदा, चमचा, गोळी, उशी असे शब्द गोळा करत गेली. तिकडे बाईमाणूस दिसलं की "अखाल्त?" विचारतात, म्हणजे जेवलीस का. ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. पहिल्यांदा जेवणाचं विचारणारी माणसं वाईट नसतात, असा तिचा हिशेब. आजीला तिकडे सावता म्हणतात. आम्ही माळी, घरात सावता महाराजांची तसबीर. माझ्या आईला, सुभद्राबाईला, हे कळलं तेव्हा तिनं फोनलाच हात जोडले. त्या दिवसापासून ती म्हातारी आमच्या घरची झाली.

म्हातारीचं नाव हादासा. नव्वदीला आलेली, तोंडानं फटकळ, आणि खाण्यापिण्यात माझ्या आईइतकीच खोडील. तामार नावाची मुलगी जवळच्या शहरात राहते. मुलगा होता, आमोस. तो तरुणपणी आजारात गेला. त्याचा फोटो हादासाआजीच्या पलंगासमोर असतो, आणि त्याच्याबद्दल कुणी काही विचारलेलं तिला खपत नाही. वहिनीनं कधी विचारलं नाही. ती रोज सकाळी त्या फोटोची काच पुसायची, तेवढंच.

यंदाच्या उन्हाळ्यात वहिनी रजेवर आली. मी अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी माहेरी गेले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, भाजीत मीठ नाही. एरवी ती म्हणाली असती, "तुमच्या जिभेवरचं घ्या जराक." या वेळी तिनं गुमान मिठाचा डबा पुढे केला.  रात्रीची भांडी आवरली तशी मी तिला मोरीजवळ गाठलं.

"काय झालं व वहिनी? दादा काई बोलला का?"

"नाई व."

"मंग तोंड काऊन पाडून राह्यली?"

तिनं पदर तोंडाला लावला आणि सगळं सांगितलं.

रजेवर निघायच्या थोडंच आधी आमोस गेल्याचा वार्षिक दिवस होता. दरवर्षी तामार आणि आजी दोघीच कबरस्तानात जायच्या. या वेळी आजीला खुर्चीतून न्यायचं म्हणून वहिनीला बरोबर घेतलं. फाटकाशी तामार म्हणाली, तू पाणी घेऊन पुढे जा, आईला मी सावकाश आणते. वहिनी पुढे गेली. आमोसच्या कबरीवर पांढरी फरशी, आणि फरशीवर खडेच खडे. लहान, मोठे, गोल, टोकदार, धुळीनं माखलेले. वहिनीला वाईट वाटलं. आई एवढ्या लांबून येणार आणि लेकाच्या अंगावर हा असा कचरा! नळापाशी झाडू होता. तिनं तो आणला, सगळे खडे खाली लोटले, वाटेवरच्या खडीत पसरून दिले. फरशी घासली, धुतली, ओढणीनं पुसली. वर सोबत आणलेली फुलं ठेवली. आणि घरचं कार्य नीट पार पडल्यासारखी बाजूला उभी राहिली.

तिकडे कबरीवर फुलं फारशी नाही वाहत. खडा ठेवतात. ज्यानं ठेवला तो येऊन गेला, आठवण काढून गेला, अशी त्याची खूण. आमोसचे दोस्त, मास्तर, मावश्या, शेजारी इतकी वर्षं येत होते. त्यातला एक खडा आमोसच्या बापानं समुद्रावरून आणून ठेवलेला होता, आणि तो बापही आता नव्हता.

"आजीनं पाह्यलं," वहिनी म्हणाली. "एक शब्द नाई बोलली. तामार ओरडली तवा मले समजलं म्या काय केलं ते. म्या खाली बसून खडे उचलाले लागली. पण कोनता खडीतला अन् कोनता आमोसचा? सगळे सारखेच दिसत होते, वंदनाताई."

तिनं "स्लिखा, स्लिखा" म्हणून पाहिलं. माफ करा म्हणायचा तो शब्द तिनं पहिल्या आठवड्यातच शिकला होता, बसमध्ये कुणाला धक्का लागला की म्हणतात तो. तो इथे कुठून पुरणार! निघायच्या दिवसापर्यंत आजी तिच्याशी बोलली नाही. निघताना वहिनी पाया पडायला वाकली तर आजीनं पाय मागे घेतले. तामार दारात म्हणाली, आराम कर, पुढचं पुढे बघू. तिकडे आता बदलीची बाई आली होती.

"दुसरं घर भेटन तुले," मी म्हणाले. "तुह्यासारखी बाई कोनाले नको?"

"घर भेटन व," ती म्हणाली. "पण तिनं पाय मागं घेतले ना. थे घेऊन म्या कुठी जाऊ?"

 तिला नोकरीची काळजी नव्हती. तिला ती म्हातारी परत हवी होती.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. आमचे बाबा, उकंडराव, यांना शेतातच अग्नी दिला होता. तिथे लिंबाच्या झाडाखाली दादानं सिमेंटचा ओटा बांधला आहे. या सणाला पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, आंब्याचा रस, पुरणपोळी ठेवतात, पण त्याआधी ओटा झाडून धुवायचा. आई त्या बाबतीत कडक. मेलेल्या माणसाच्या अंगावर काडी राहता कामा नये, हे तिनं वहिनीला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि वहिनीनं ते इतकं मनावर घेतलं की पार बेरशेबाला जाऊन पाळलं.

वहिनी झाडत होती, आई घागर घेऊन उभी होती, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. तामारचा. वहिनीचे हात ओले, म्हणून फोन मी धरला. तामार घाईत होती. आई खात नाही, नवीन बाईनं दिलेलं थुंकून टाकते, तू लापशीत काय घालत होतीस? वहिनी झाडता झाडता सांगू लागली, मधेच दालचिनीचा शब्द ऐकू आला. इकडे आई म्हणाली, "आटप व, ऊन चढून राह्यलं." वहिनी ओट्यावर वाकली. मीही आगाऊच. ती दिसावी म्हणून फोन ओट्याकडे वळवला.

तिकडून बोलणं थांबलं. मी पाहिलं तर पडद्यावर तामार नव्हती. एक सुरकुतलेला चेहरा फोनच्या अगदी जवळ आला होता. हादासाआजी पाहत होती.

वहिनीला पत्ता नव्हता. तिनं पाण्याचा तांब्या ओट्यावर ओतला, हातानं घासला, कडेला अडकलेला पाला बोटांनी काढला, पदरानं सिमेंट कोरडं केलं आणि कपाळ टेकवलं.

"शाम," फोनमधून आवाज आला. "शाम, शाम!"

वहिनी जागच्या जागी थिजली. मग हळूच मान वळवून ओट्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. लिंबाचं एक पान ओल्या सिमेंटला चिकटून राहिलं होतं. शाम म्हणजे तिकडे. म्हातारीनं हजारो कोस लांबून ते हेरलं होतं. वहिनीनं पान उचललं.

मग दोघींचं बोलणं सुरू झालं. मला एक अक्षर कळेना. आजीनं काहीतरी विचारलं, वहिनीनं ओट्याकडे हात करून काही सांगितलं.  आणि मग आजीचा असा काही पट्टा सुटला की मी फोन जरा लांब धरला. वहिनी ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी घाबरले. "काय म्हणून राह्यली थे?"

"रागावून राह्यली!" वहिनी रडत रडत हसली. "आई, माह्यावर रागावून राह्यली व थे! म्हंते, झाडू माराच्या आंधी इच्याराले तुले काय झालतं? तोंड नव्हतं का तुले? म्हंते, ही नवी बाई मातीसारखी लापशी करते, तू कवा येतं?"

आईनं घागर खाली ठेवली.

फोनमधली आजी आता हळू आवाजात काही सांगत होती. वहिनीनं ऐकलं आणि आईकडे पाहून ती घुटमळली. मी म्हणाले, सांग ना.

"म्हंते, माह्याकडून एक दगड ठेव तिथं. तुह्या सासऱ्यासाठी."

आता आली का पंचाईत! ज्या ओट्यावर आई काडी राहू देत नाही, त्याच्यावर दगड? तोही सणाच्या दिवशी? वहिनी खाली मान घालून उभी. मीही आईच्या तोंडाकडे पाहत राहिले.

आई धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, चालत गेली. वाकून एक दगड उचलला, टाकला. दुसरा उचलला, तोही टाकला. बाजारात वांगी निवडावीत तशी तिची निवड बराच वेळ चालली. शेवटी एक गोल, काळा दगड घेऊन आली, बाबांच्या घागरीतलंच पाणी ओतून तो धुतला, आणि ओट्यावर उशाशी ठेवला. मग फोनकडे तोंड करून जोरात, लांबच्या माणसाशी बोलतात तसं, म्हणाली, "ठेवला व बाई!"

पडद्यावर हादासाआजीनं दोन्ही हात जोडले. ते तिला वहिनीनंच शिकवलं असणार.

वहिनी जेठात परत गेली. परवा पित्तरपाटाला, म्हणजे पितृपक्षात, मी जानेफळला आले तर ओटा झाडायचं काम माझ्याकडे आलं. मी सवयीनं झाडूच्या फटकाऱ्यानं तो दगड बाजूला लोटायला गेले. आई मागून ओरडली.

"अव, हळू! त्याले झाडू नको लावू. पाव्हणी बसली हाये तिथं."