चाकावर ठेवलेला हात

माझ्या यजमानांना सांडशी लागत नसे, आणि त्याचा मला फार तोरा होता. उकळतं दूध उतरवायचं असो की तापलेला तवा बाजूला करायचा असो, हे नुसत्या हाताने उचलत. भवानीपूरच्या आमच्या बिऱ्हाडात संक्रांतीला कलकत्त्यातल्या पंधरा-वीस मराठी बायका हळदीकुंकवाला जमत. एका संक्रांतीला हे फिरतीवरून चार दिवस रजेवर आले होते. त्या बायकांच्यादेखत यांनी चहाचं खळखळतं पातेलं शेगडीवरून उचललं, तेव्हा मी मिरवत म्हटलं होतं, "आमच्याकडे सांडशी म्हणजे भिंतीची शोभा." बायका हसल्या, मीही हसले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

हे केंद्र सरकारच्या एका खात्यात इंजिनीअर होते. पावसाळा कलकत्त्याच्या ऑफिसात आणि दिवाळी झाली की पाच महिने बिहारच्या जंगलात, तंबूत. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चारही हिवाळे मी एकटीने काढले होते. शेजारच्या बंगाली बायका जीव लावणाऱ्या होत्या, पण मला नवरा हवा होता, शेजार नव्हे. पाचव्या वर्षी मी हटून बसले. म्हटलं, "या खेपेला मला बरोबर न्या, नाहीतर कायमची नागपूरला पोचवा." माझ्या नाकावर राग असतो हे यांना ठाऊक होतं, पण या वेळी तो राग नव्हता, रडू होतं. ते यांना बरोबर कळलं.

महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली तरी अमेरिकन फौजेने मागे टाकलेलं सामान कलकत्त्यात अजून मिळत असे. त्यातला एक दोनचाकी ट्रेलर यांनी मिळवला आणि एका चिनी सुताराकडून त्यावर लाकडी खोली बांधून घेतली. दोन अरुंद बाकं, स्टोव्हसाठी पत्रा ठोकलेली फळी, एक खिडकी. खिडकीला पडदा मी शिवला. खात्याची जीप पुढे आणि आमचं घर मागे, अशी सगळी कल्पना होती. खात्याने एकच अट घातली होती. ट्रेलर आधी बराकपूरपर्यंत नेऊन सुखरूप परत आणून दाखवायचा, मगच बायकोला न्यायची परवानगी.

खोली झाली, चाकं राहिली. जुनी बेअरिंगं गंजून गेली होती. बेअरिंग म्हणजे पोलादी कड्यात बसवलेले छोटे रूळ, त्यांच्यावर चाक फिरतं, एवढं मला यांनीच शिकवलं. एका शनिवारी दुपारी आम्ही हावड्याला गेलो. पुलापलीकडच्या एका बोळात म्हाताऱ्या बंगाली मिस्त्रीचं दुकान होतं. त्याने बेअरिंगांचा ढीग रॉकेलमध्ये धुऊन आमच्यापुढे फडक्यावर मांडला. हे एकेक बेअरिंग बोटांवर चढवत, डोळे मिटून हलकेच फिरवत आणि बाजूला ठेवत.

"डोळे कशाला मिटता?" मी विचारलं.

"डोळे फसवतात. खोट असली तर बोटांना कळते," हे म्हणाले.

चार बेअरिंगं निवडली. मिस्त्रीने त्यातलं एक परत उचललं, फिरवलं आणि मान हलवली. "बाबू, इसमें दाना है. ये मत लीजिए."

ह्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं. "कुछ नहीं है. एकदम साफ है."

मिस्त्रीने ते माझ्यापुढे धरलं. मी फिरवलं. भात खाताना दाताखाली खडा यावा तसं काहीतरी बोटांना लागलं, एकदा नाही, प्रत्येक फेऱ्यात. मी म्हटलं, "अहो, खरखरतंय की!"

"तुला सवय नाही, म्हणून तसं वाटतं," हे म्हणाले, आणि तेच बेअरिंग कागदात गुंडाळायला सांगितलं. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. परक्या माणसासमोर नवऱ्याने मला अडाणी ठरवलं, याचाच मला इतका राग आला की हावड्याच्या पुलावर मी यांच्या दहा पावलं पुढे चालले. खडा कुणाला लागला आणि कुणाला नाही, याचा विचार करायला हवा होता. तो मी केला नाही.

बेअरिंगं यांनी स्वतःच बसवली. ग्रीस भरलं, नट आवळला. चाक फिरवताना किंचित ओढ लागेपर्यंत नट आवळायचा, मग एक घर मागे घ्यायचा आणि पिन घालायची. "घट्ट आवळलं की सुरक्षित, असं नवशिक्याला वाटतं. बेअरिंगला श्वास घ्यायला जागा हवी," हे मला समजावत होते. मी मनात म्हटलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान. बायकोला श्वास घ्यायला जागा द्या आधी.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. जीप हे चालवत होते, मी शेजारी, मांडीवर पुऱ्यांचा डबा. दर पाच मैलांनी थांबायचं, उतरायचं आणि चाकाच्या मध्यावर, हबवर, तळहात ठेवायचा, हा यांचा नियम. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जळतंय असं समजायचं. पहिल्या थांब्यावर यांनी दोन्ही चाकांवर हात ठेवला. "गार," म्हणाले. दुसऱ्या थांब्यावरही तेच. "दोन्ही गार. उगाच घाबरत होतीस."

तागाच्या गिरण्या सुरू झाल्या तिथे मला वास आला. कढईत तेल जास्त तापलं की येतो तसा. मी म्हटलं, "थांबा." हे थांबले नाहीत. मी ओरडले, तेव्हा थांबले. उतरून बघते तर माझ्या बाजूच्या चाकातून निळसर धूर येत होता. मी हबला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

मग मी तोंड सोडलं. चहाच्या टपरीवरचे लोक बघत होते, पण त्यांना मराठी कुठे कळत होतं! "दोनदा हात लावून गार म्हणालात! खोटं बोललात. मिस्त्री सांगत होता, मी सांगत होते, पण तुमचा हेका! हातच्या काकणाला आरसा कशाला, हा बघा धूर! न्यायचंच नव्हतं मला, तर सरळ सांगायचं होतंत. ट्रेलरचं सोंग कशाला केलंत?"

हे गोंधळून माझ्याकडे बघत होते. "मी खोटं बोललो नाही गं. मला गारच लागलं."

"अजून तेच!"

"शपथेवर सांगतो. हे बघ." असं म्हणून यांनी हबवर तळहात टेकवला आणि माझ्याकडे बघत तसाच ठेवला.

मी वाट बघत होते की हे आता हात झटकतील. यांनी झटकला नाही. चेहऱ्यावर वेदनेची रेघ नाही, उलट "पटलं ना?" असे भाव. मग दुसराच वास आला. मी दोन्ही हातांनी यांचं मनगट धरून ओढलं. तळहाताची कातडी पांढरी पडून सुटली होती. त्या कातडीशेजारी आणखी एक फोडही होता, आधीच्या थांब्यावरचा असणार. हे स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे बघत राहिले. माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

ट्रेलर तिथेच एका गॅरेजात ठेवून आम्ही परतलो. सोमवारी मी डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर हे हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी हसले नाही. यांच्या चपला पुढे ठेवल्या, तेव्हा हे निघाले.

गल्लीतले बंगाली डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी भाजलेला हात थोडाच वेळ बघितला. जास्त वेळ बघितला तो कोपराजवळचा रुपयाएवढा फिकट डाग. त्याला मी शिबं समजून वर्षभर खोबरेल चोळत होते. मग त्यांनी काचेच्या दोन नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत थंड. यांना डोळे मिटायला सांगितले आणि नळ्या आलटून पालटून बोटांना, तळहाताला लावू लागले.

"गरम या ठंडा?"

"ठंडा."

"अब?"

"ठंडा."

वाफ येणारी नळी यांच्या करंगळीला टेकलेली मला दिसत होती, आणि हे परीक्षेला बसलेल्या मुलासारखे मन लावून चुकीची उत्तरं देत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, गरम म्हणा, गरम! मी पदर तोंडात धरला.

डॉक्टरांनी रोगाचं नाव हळू आवाजात घेतलं. आपल्याकडे त्याला महारोग म्हणत आणि माणसाला घराबाहेर काढत. डॉक्टर पुढे म्हणाले, हा न पसरणारा प्रकार आहे, आता गोळ्या निघाल्या आहेत, रोग थांबेल. पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. मग त्यांनी यांना विचारलं, "कब से?"

ह्यांना सांगता येईना. उत्तर मी दिलं, "दो साल. संक्रांत से."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आपको मालूम था?"

मालूम होतं, आणि नव्हतंही. दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर विस्तवावरून भांडी उचलत होता आणि मी बायकांना हसून सांगत होते. भाजत नाही का हो, एवढं साधं मी एकदाही विचारलं नव्हतं.

तो हिवाळाही गेला, पण या वेळी दोघांचा, कलकत्त्यात. ऑफिसात आम्ही फक्त भाजल्याचं सांगितलं आणि तेवढ्यावर रजा मिळाली. हळदीकुंकू मी त्या वर्षी केलं नाही. कुणी कारण विचारलं तर सरळ खोटं बोलले आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. भिंतीवरची सांडशी खाली आली. पहिल्या दिवशी हे ती हातात घेऊन ओट्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "हरलो बुवा." मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले, कारण मला तिथे रडायचं नव्हतं.

डाग विरला. डॉक्टरांनी फिरतीला जायची मोकळीक दिली. मी एकटी हावड्याला जाऊन त्या मिस्त्रीसमोर बसले. त्याने फडकं पसरलं. नवं बेअरिंग माझ्या बोटांवर चढवलं आणि फिरवायला लावलं, एकदा नाही, दहादा. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, रुळांमधून ग्रीस वर येईपर्यंत, हेही शिकवलं. चाकं मी बसवली. हे शेजारी उभे राहून सांगत होते, चाकाची ओढ मात्र माझे हात जोखत होते.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा बराकपूरच्या रस्त्याला लागलो. पाच मैलांवर हे सवयीने उतरले, चाकापाशी गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"बघतेस?"

मी हबवर तळहात ठेवला. "कोमट आहे."

"कोमट म्हणजे किती?"

काय सांगणार?  शेवटी हबवर ठेवलेला तो हात मी तसाच उचलला आणि भर रस्त्यात, तिथल्या एका टपरीवरच्या लोकांसमोर, यांच्या गालावर ठेवला. गालाला सगळं कळत होतं.

"एवढं," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे मिटले. डॉक्टरांकडे मिटले होते तसेच.

"गरम आहे," हे म्हणाले. "पण चालेल. चल."

गालावर माझ्या पाच बोटांचं काळं ग्रीस उठलं होतं. बराकपूर येईपर्यंत मी ते सांगितलं नाही.