भेगेची नोंद

जयपूरहून जीपने दीड तासावर आमचे उत्खनन चालू होते. ऐंशीच्या दशकातला एक हिवाळा. वडील रेल्वेत, घर जयपूरच्या आदर्श नगरात. मी शिबिरातल्या तंबूत राहत असे आणि शनिवारी घरी येई. माझे काम आरेखकाचे. खणलेल्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीत मातीचे थर दिसतात, ते मोजून आलेख कागदावर पेन्सिलीने उतरवायचे.

उत्खननाचे प्रमुख साहेब नागपूरचे. त्यांना भिंत ओळंब्यात लागे, सुरीने कापल्यासारखी. खड्डा दोन पुरुष खोल गेला तरी तिला पायऱ्या नव्हत्या की फळ्यांचा टेकू नव्हता. पायऱ्यांनी थर कापले जातात, फळ्यांनी झाकले जातात, असे ते म्हणत. ते खोटे नव्हते. मजूर बायका डोक्याला ओढणी गुंडाळून खाली उतरत.

भिंत खरवडण्यात जवळच्या गावातली एक बाई सर्वांत तरबेज होती. तिचा नवराही तिथेच माती वाही. मी मोजत असताना फितीचे टोक ती धरी. माझ्या संथ रेघांची तिला गंमत वाटे. "बाबूजी, इतने में तो मैं पूरे आँगन का मांडणा बना दूँ," ती म्हणे. मांडणा म्हणजे तिकडची रांगोळी.

फोटो काढायचा होता त्या दिवशी सकाळी तिने भिंतीवर एका जागी बोट ठेवले. तिच्या खांद्यापासून वर एक भेग गेली होती.

"ये भी पुरानी है क्या, बाबूजी?"

"नहीं. कल नहीं थी."

"तो भी लिखोगे?"

"सब लिखते हैं."

तिने फीत धरली. लांबी एक मीटर दहा, रुंदी चार मिलिमीटर. मी तुटक रेघ काढली, शेजारी वेळ टाकली, नऊ वीस, आणि पुढच्या थराकडे वळलो. साहेब वर दहा पावलांवर कॅमेरा लावत होते. त्यांना सांगावे असे मनात आले नाही. भेग मोजली होती. माझ्या लेखी काम झाले होते.

दहाच्या चहानंतर ती भिंतीच्या पायथ्याशी शेवटचा हात फिरवायला बसली आणि भिंत पडली. आवाज फारसा झाला नाही. कुदळ चालवता येत नव्हती. सगळ्यांनी हातांनी माती उपसली. पुढे तिचा नवरा होता. ती बाहेर निघाली तेव्हा श्वास नव्हता.

साहेबांच्या अहवालात अपघाताबद्दल दोन वाक्ये आली. मजुराने पायथा प्रमाणाबाहेर खरवडला. पूर्वसूचना नव्हती.

महिनाभराने जयपुरात, झालान्याच्या आमच्या कार्यालयात मी त्या भिंतीचे चित्र छपाईसाठी शाईत घेत होतो. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"ती तुटक रेघ घेऊ नकोस."

"साहेब, ती त्या दिवशी सकाळीच होती."

"होती ना. पण थराची आहे का? खणल्यावर पडलेली भेग आपण कधी छापतो?"

"नाही."

"मग झालं."

नियम खरा होता. ट्रेसिंगवर ती जागा मी कोरी ठेवली.

दोन दिवसांनी तिचा नवरा आला. जोडे बाहेर काढून दारात उभा राहिला.

"गाँव में कहते हैं, उसी ने गलत खुरचा. आप तो साथ थे, बाबूजी."

"उसने ठीक किया था."

"तो लिख दो."

शाई भरलेले पेन हातात होते. पेन्सिलीचा मूळ कागद ट्रेसिंगच्या खालीच होता.

"साहब से बात करता हूँ," मी म्हणालो.

तो बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसला. मी साहेबांशी बोललो नाही. कार्यालय बंद झाले तेव्हाही तो तिथेच होता. मी मागच्या दाराने निघालो.

पुढे वर्तमानपत्रात गेलो. अपघातांच्या बातम्या पुष्कळ लिहिल्या. पूर्वसूचना होती का, हे प्रत्येक ठिकाणी विचारले. राहत्या घरात कुठे भेग दिसली की आधी तिच्यावर एक बोट दिसते, मातीने भरलेले.

तो मूळ कागद गुंडाळी करून कपाटात ठेवला गेला. अशा कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मोजणाऱ्याचे आणि फीत धरणाऱ्याचे नाव लिहायची पद्धत आहे. मी दोन्ही लिहिली होती.