लेथचा तिसरा फेज

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा मच्छीमारांच्या प्रत्येक मोर्चात पुढे. त्यामुळे उरलेले गठ्ठे कट्टा गावातल्या आमच्या वर्कशॉपात येऊन पडत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर बाबा होड्यांच्या शाफ्टची मापं काढत, छापील बाजूवर मी वाचायला शिकले. 'जाहीर निषेध' हे मी वाचलेले पहिले शब्द असावेत. अजूनही कुठे काही बिघडलं की माझा हात आधी कागदाकडे जातो. त्याची मला लाज नाही. निषेध करण्यासारखं या किनाऱ्यावर पुष्कळ आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण हाताची बोटं अजून पुरती मिटत नाहीत. अख्खा पावसाळा शाफ्ट कातायचा लेथ बंद राहिला; देवबागच्या एका होडीचा शाफ्ट तसाच पडून होता. मुंबईचा दादा म्हणू लागला, लेथ विका आणि दोघंही इकडे या. आईला जायचं नव्हतं. शेवटी बाबाच म्हणाले, "दसऱ्याक एकदा चालू करून बघूया. मोटर जळलेली आसात तर इकूया."

दसऱ्याला लेथची पूजा झाली. हार बाजूला काढून मी हिरवं बटण दाबलं. मोटर फिरलीच नाही. जागच्या जागी नुसती कण्हत राहिली.

"बंद कर गो, बंद कर! जळात ती!" बाबा ओरडले.

मी बंद केली. लेथच्या मोटरला तीन तारांतून, म्हणजे तीन फेजांतून, वीज लागते. एक जरी तुटली तरी ती अशीच अडून बसते, तापते आणि बघता बघता जळते.

"दोन फेजार उभी आसा," बाबा म्हणाले. "तिसरो खंय गेलो तो सोदूक व्हयो."

मला गुन्हेगार तिथल्या तिथे सापडला. वीज खातं! 'आमचा तिसरा फेज कुणी पळवला?' मथळासुद्धा तयार झाला. तो मी मोठ्याने म्हणून दाखवला.

"पत्रक मगे काढ. आदी मीटर लाव."

मीटरच्या पिना त्यांच्या बोटांत ठरत नव्हत्या. म्हणून हात माझे आणि डोकं त्यांचं, असं काम सुरू झालं. मेन स्विचवर मोजलं, तर तिन्ही तारांत वीज सारखी. वीज खातं सुटलं. मला थोडं वाईटच वाटलं. मग मेन स्विच पाडून पट्टा काढला आणि मोटर हाताने फिरवून पाहिली. सहज फिरली, म्हणजे बेअरिंग ठीक. आता पाळी आतल्या तारांच्या गुंडाळ्यांची. मोटर जळली असेल तर इथेच कळणार होतं. आई कधी दारात येऊन उभी राहिली, मला कळलं नाही.

मी मोटरच्या जोडण्या सोडवल्या. बाबांनी वाकून आधी हुंगलं. जळका वास नव्हता. मी एकेक गुंडाळी मोजत गेले. तिन्ही आकडे सारखे आले.

"वाचली," बाबा म्हणाले. आईने पदराने तोंड पुसलं.

उरला स्टार्टर, म्हणजे बटणामागची पेटी. त्याचं झाकण काढलं, आतला सरकता भाग बोटाने दाबून धरला आणि मीटर लावला. पहिल्या काँटॅक्टवर, म्हणजे तार जुळते त्या जागी, मीटर वाजला, दुसऱ्यावरही वाजला. तिसऱ्यावर गप्प. वाकून पाहिलं तर आत तपकिरी, चिकट थर आणि खवट खोबरेलाचा वास.

पावसाळ्याआधी आमच्याकडे घरातल्या लोखंडाला खोबरेल लावतात. आडाळो म्हणजे विळी, कोयता, दारांच्या कड्या, काही सुटत नाही.

"हेच्या आत तेल कोणी लावल्यान?" बाबांनी विचारलं.

"मियां," आई म्हणाली. "खारो वारो लागान गंज धरात म्हणान. मेन बंद करूनच लावलंय हां."

"अगो, भायरसून लावचा! सगळ्या मशिनीक लावलंस?"

"सगळ्या. तुमी परत उभे रवतलास तेव्हा ती तयार नको?"

बाबा हसायला लागले. "माका कधी इतक्या मायेन तेल लावलंस काय गो?"

"मगे रोज सकाळी हाताक चोळतंय तां काय पाणी?"

बाबा आपल्या बोटांकडे बघत राहिले.

मी पेट्रोलच्या फडक्याने काँटॅक्ट पुसले, मग गठ्ठ्यातल्या एका पत्रकाची पट्टी फाडून तिन्हींमधून ओढत राहिले. आधी ती तपकिरी निघाली, मग फिकट, शेवटी कोरी.

"बघ, इला मा पत्रक कामाक," बाबा म्हणाले.

सगळं सुकू दिलं, जोडण्या घट्ट केल्या, झाकणं बसवली, मेन चढवला. या वेळी बटण बाबांनीच दाबलं, उजव्या हाताच्या अंगठ्याने. दोनदा घसरला. मी मदतीला हात पुढे केला, तर आईने माझं मनगट धरलं. तिसऱ्यांदा बटण आत गेलं आणि मोटरने एका दमात वेग घेतला.

"मुंबयक काय सांगू मगे?" आईने त्या आवाजात मोठ्याने विचारलं.

"सांग, देवबागचो शाफ्ट मशिनीर चडवलोहा, येवक जमाचा नाय."

संध्याकाळी आई खोबरेलाची बाटली घेऊन आली. बाबांनी न सांगता हात पुढे केला.

"हयसर लाव," ते म्हणाले आणि लेथकडे मान वळवली. "थंय नको."